आपल्या हातचं उपकरण : प्रस्तावना

शाळेच्या प्रयोगशाळेतली सर्वांत जपलेली वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी डेडस्टॉक रजिस्टर असं उत्तर देईन. सूक्ष्मदर्शक, वर्नियर कॅलिपर, गॅल्व्हानोमीटर यांची नावं त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेली असतात. वस्तू कपाटात, आणि कपाटाला कुलूप. फुटलं तर भरून कोण देणार, निर्लेखनाचा प्रस्ताव कोण पाठवणार, ही शिक्षकाची धास्ती खोटी नसते. दुसऱ्या बाजूला अशाही शाळा आहेत जिथे कपाटच नाही, त्यामुळे कुलपाचा प्रश्न येत नाही. मुलांच्या हाती जे पडतं ते दोन्हीकडे सारखंच असतं: पाठ्यपुस्तकातली आकृती, तिला दिलेली नावं आणि खाली 'अनुमान'.

लंबकाचा प्रयोग एक जण करतो, बाकीचे बघतात. कधी तेवढंही होत नाही. जर्नलमध्ये मात्र सगळ्यांचा g ९८०च्या आसपास येतो. उत्तर आधी ठाऊक असतं आणि रीडिंग त्यावरून उलटी काढलेली असतात. या उलट्या गणितात आपली मुलं तरबेज आहेत, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. मार्क बरोबर उत्तराला असतात, मोजण्याला नसतात.

आपल्या प्रयोगाला लागणारं उपकरण ज्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलं, त्यांच्या नोंदींचा हा संग्रह आहे. माध्यमिक शाळेपासून पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंतची ही मुलं-मुली आहेत. साहित्य पुठ्ठा आणि सुतळीपासून मायक्रोकंट्रोलरपर्यंत काहीही आहे. संपादकांनी प्रस्तावना मागितली तेव्हा एकेका उपकरणाची ओळख करून देण्यापेक्षा हा प्रदेश कसा आहे, तिथे कोण कोणत्या वाटेने गेलं, हे सांगणं मला जास्त उपयोगाचं वाटलं. माझं म्हणणंही आधीच सांगून टाकतो. स्वस्तपणा हा या कामाचा एक गुण आहे. त्याचा गाभा वेगळा आहे. ज्याने उपकरण बांधलं, त्याला त्याच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे कळतं. विकतच्या मीटरचा काटा २.४ वर थांबला की आपण २.४ लिहितो आणि पुढे जातो. स्वतः बांधलेल्या मीटरचा काटा २.४ वर थांबला की पहिला प्रश्न येतो: कशावरून?

विज्ञानात उपकरण स्वतः करण्याची रीत जुनी आहे. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहुक आपली भिंगं स्वतः घडवायचा; त्याच्या उपलब्ध सूक्ष्मदर्शकांपैकी सर्वांत ताकदवान भिंग २६६ पट मोठं दाखवतं. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरींवर काम केलं, तेव्हा त्यांच्या मदतीला एक स्थानिक पत्रेकाम करणारा कारागीर होता. लहरींचं ध्रुवण करायला त्यांनी रेल्वेच्या जाडजूड ब्रॅडशॉ वेळापत्रकाच्या पानापानांत टिनचा वर्ख घातला. ध्रुवणाची दिशा फिरवून दाखवायला तागाचे पीळ दिलेले जुडगे वापरले. ज्या लहरींवर आज जगभर संशोधन चालतं, त्या ताग आणि वेळापत्रकातून गेल्या होत्या हे आठवून मला दर वेळी मजा वाटते.

रामन यांची गोष्ट मात्र जपून सांगावी लागते. रामन परिणामाचा शोध अवघ्या दोनशे रुपयांच्या उपकरणांवर लागला, असं दर २८ फेब्रुवारीला भाषणांतून सांगितलं जातं. त्यातून श्रोत्यांनी घ्यायचा बोध असा की, पैसा नसला तरी चालतं. पण सूर्यप्रकाश एकवटायला रामन यांच्यापाशी सात इंची दुर्बिणीचं भिंग होतं. पाठीशी १८७६ साली स्थापन झालेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स होती, तिचं ग्रंथालय होतं. कृष्णन यांच्यासारखा सहकारी होता, आणि प्रकाशाच्या विकिरणावर काही वर्षं चाललेलं काम होतं. उपकरण स्वस्त होतं, संस्था फुकटात उभी राहिलेली नव्हती. ही गोष्ट अर्धी सांगण्याची सवय पुढे किती महागात पडते, त्याकडे मी नंतर येणार आहे.

विसाव्या शतकात शाळेची प्रयोगशाळा कारखान्यात बनलेल्या, पेटीत येणाऱ्या सामानाने भरली. या सामानाशिवाय विज्ञान शिकवता येईल का, हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पडला तो युरोपात, दुसऱ्या महायुद्धानंतर, शाळा उद्ध्वस्त झाल्या तेव्हा. युद्धाने बेचिराख झालेल्या देशांतल्या विज्ञानशिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ साली जे. पी. स्टीफन्सन यांची एक पुस्तिका काढली. तीच वाढत जाऊन १९५६ साली 'सोर्सबुक फॉर सायन्स टीचिंग' झाली, आणि अनेक भाषांत गेली. डबे, बाटल्या, दोरा, मेणबत्ती यांतून तराजू, हवादाबमापक, दुर्बीण कशी करायची याचा तो खजिना होता. त्याच सुमारास अमेरिकेत पीएसएससी आणि पुढे १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये नफिल्ड या अभ्यासक्रमांनी प्रयोगाला शिकण्याच्या मध्यभागी आणलं. या सगळ्यांचा विचार आपल्याकडे आला, पुस्तकंही आली. पण त्या पुस्तकांत उपकरण बनवणारा होता शिक्षक. मुलांनी ते वापरायचं.

ही जागा बदलली ती मध्य प्रदेशात. १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत एक कार्यक्रम सुरू केला. पुढे तो 'होशंगाबाद विज्ञान' या नावाने ओळखला गेला. १९७८ साली तो सगळ्या जिल्ह्यात पोचला, आणि १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली. दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टीआयएफआरमधले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करत, आणि फसलेला प्रयोग धड्यातून काढून टाकत. मुलं चौघाचौघांच्या टोळीने काम करत. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या पुस्तकांत उत्तरं नव्हती, प्रश्न आणि कृती होत्या. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायची, शिवाय प्रयोगाची वेगळी. मुलांच्या मनातले प्रश्न पत्राने 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला जायचे आणि त्यांना उत्तरं यायची.

इथल्या किटकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. तो स्वस्त होता, कारण तो दरवर्षी पुन्हा भरावा लागणार हे गृहीत धरलेलं होतं. परीक्षानळी फुटणारच, फुटली नाही तर ती वापरली गेली नाही असा अर्थ. डेडस्टॉक रजिस्टरच्या नेमकी उलट ही दृष्टी होती, आणि माझ्या मते होशंगाबादचं खरं संशोधन हेच आहे. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने कार्यक्रम बंद केला तेव्हा तो पंधरा जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांत चालू होता. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबते, हेही या प्रदेशाच्या नकाशावर असायला हवं.

महाराष्ट्रात या विचाराच्या दोन-तीन निराळ्या वाटा निघाल्या. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं, वि. गो. कुलकर्णी यांच्या काळात केंद्राने जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांबरोबर काम केलं. याच केंद्राने २०१५ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड भरवलं. तिथल्या प्रायोगिक परीक्षेत जगभरातून आलेल्या मुलांसमोर एक बारीक स्प्रिंग आणि एक लेझर ठेवला होता. स्प्रिंगवर लेझर पाडला की समोर फुलीच्या आकाराची नक्षी उमटते. रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतल्या डीएनएच्या क्ष-किरण चित्रात दिसते तीच ही फुली. ती मोजून स्प्रिंगचा पीळ काढायचा होता. स्वस्त उपकरण म्हणजे प्राथमिक पातळीचं विज्ञान, असं समजणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा सोडवून पाहावा.

दुसरी वाट अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरचा हा अभियंता पुण्याला टेल्कोत नोकरीला होता. १९७८च्या सुमारास तो होशंगाबादला गेला आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमितीच्या आकृत्या जोडू लागला. त्रिकोण ढळत नाही, चौकोन ढळतो. पूल आणि मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात हे बोटांना कळतं. पुढे पुण्याच्या 'आयुका' या खगोलसंशोधन संस्थेत जयंत नारळीकरांच्या पाठिंब्याने मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली, आणि गुप्ता तिथे काम करू लागले. तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य', कारण तिला पु. ल. देशपांड्यांच्या प्रतिष्ठानाचं साहाय्य आहे. सप्तर्षींतला एक तारा आणि पुलं दोघंही त्या नावात बसले. त्या इमारतीतून निघालेली शेकडो खेळणी, त्यांच्या चित्रफिती आणि पुस्तकं सगळ्यांना मोफत मिळाली, मराठीतही आली. नागपूरच्या अपूर्व विज्ञान मेळ्यात महापालिका शाळांतली मुलं अशाच साध्या साहित्याचे प्रयोग पाहुण्यांना समजावून सांगतात. 'शैक्षणिक संदर्भ'सारख्या नियतकालिकाने हा विचार शिक्षकांच्या घरापर्यंत नेला.

इथे एक भेद करायला हवा, आणि तो केल्याने गुप्तांचं मोठेपण कमी होत नाही. खेळणं दाखवतं, उपकरण मोजतं. तारेची गुंडाळी, सेल आणि चुंबक यांची मोटर गरगर फिरली की मुलं टाळ्या वाजवतात, आणि वाजवाव्यात. पण मिनिटाला किती फेरे, सेल उतरला की किती, गुंडाळीत दोन वेढे वाढवले तर किती, हे विचारायला लागलं की दुसरंच काम सुरू होतं. आपल्या विज्ञान प्रदर्शनांत पहिल्या टप्प्यावरच बक्षीस मिळतं. प्रस्तुत पुस्तकातलं बरंचसं काम दुसऱ्या टप्प्यावरचं आहे.

तिसरी वाट पाबळची. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएच.डी. झालेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले. त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीजजोडणी करत शिकली. आठवी ते दहावीसाठीचा 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय त्यातूनच पुढे शाळांत आला. गरजेची वस्तू गावाला करून द्यायची आणि तिच्यातून विज्ञान काढायचं, हा त्यांचा क्रम. एमआयटीबाहेरची जगातली पहिली फॅब लॅब २००२च्या सुमारास याच पाबळला सुरू झाली. होशंगाबादचं मूल शास्त्रज्ञासारखं वागतं, पुण्याचं खेळतं, पाबळचं मूल गिऱ्हाइकाला उत्तरदायी असतं. केलेलं दार बसलं नाही तर ते परत येतं. मापाच्या बाबतीत यासारखी शिस्त दुसरी नाही.

चौथा प्रवाह इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि तो एका ठिकाणचा नाही. इटलीतल्या इव्रेयात २००५ साली आर्डुइनो आला. इंग्लंडमध्ये रेपरॅप या स्वतःचेच भाग छापणाऱ्या त्रिमितीय छपाईयंत्राचं काम सुरू झालं. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय बाजारात आला. यांतल्या पहिल्या दोघांमागे एकच तत्त्व होतं: आराखडा उघडा ठेवायचा, ज्याला हवा त्याने घ्यावा, सुधारावा, परत द्यावा. आपल्याकडे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये अजितकुमार यांनी 'एक्सपाइज' बनवलं. हातात मावणारी ही पेटी संगणकाला जोडली की दोलनदर्शक, सिग्नल जनरेटर, व्होल्टमीटर सगळं एकत्र मिळतं. मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये कागदाच्या घड्यांचा फोल्डस्कोप केला. त्याचा नेहमीचा संच १४० पट मोठं दाखवतो. भिंगरीच्या तत्त्वावर चालणारं, प्रकाश यांच्या प्रयोगशाळेतलं कागदी सेंट्रिफ्यूज मिनिटाला सव्वा लाख फेरे घेतं. धाग्यात ओवलेलं बटण दोन्ही हातांनी ओढून फिरवण्याचा खेळ आपल्यातल्या अनेकांनी खेळलेला आहे. त्यातून रक्तातल्या पेशी वेगळ्या करता येतील हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. इंग्लंडमध्ये घडलेला ओपनफ्लेक्शर सूक्ष्मदर्शक टांझानियात तिथल्याच कारागिरांनी छापून जोडला. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाने सूक्ष्म-रसायनाची चळवळ पुढे नेली. तिच्यात चाचणी बीकरऐवजी प्लॅस्टिकच्या बारीक खळग्यांत, दोन-चार थेंबांत होते. औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट हे त्याचं घरगुती रूप. एका पाकिटात दहा खळगे, म्हणजे दहा प्रयोग.

सरकारनेही या प्रवाहात उडी घेतली. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या. शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, दहा हजारांवर शाळा, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा. जिथे चांगला शिक्षक आहे तिथे या खोल्यांत फार सुंदर काम होतं. जिथे नाही, तिथे त्रिमितीय छपाईयंत्रावर शाळेचं बोधचिन्ह छापून पाहुण्यांना दिलं जातं, आणि आर्डुइनोच्या पेट्या रजिस्टरात नोंदल्या जातात. कपाट नवं, कुलूप तेच.

आता या कामाच्या आत शिरून पाहू, कारण बाहेरून ते फार सोपं दिसतं. संग्रहात वारंवार येणारं एक उपकरण घेतो: वर्णमापक. द्रावणातून प्रकाश पाठवायचा, पलीकडे किती पोचला ते मोजायचं, त्यावरून द्रावण किती तीव्र आहे ते सांगायचं. बाजारात ते काही हजारांना मिळतं. मुलं एक एलईडी, एक प्रकाश पडला की रोध कमी होणारा एलडीआर, इंजेक्शनची रिकामी बाटली, काळा रंग दिलेली डबी आणि मल्टीमीटर घेऊन बसतात. द्रावण मोरचुदाचं, नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांच्या मुलांना ते घरीच मिळतं, बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं. निळं द्रावण तांबडा प्रकाश शोषतं, म्हणून एलईडी तांबडा. इथवर पुस्तकी.

पहिलं रीडिंग बरं येतं. बाटली काढून परत ठेवली की ते बदलतं. गोल बाटली स्वतःच भिंगासारखी वागते. जरा फिरली की प्रकाश दुसरीकडे पडतो. म्हणून बाटलीवर खूण करायची, दर वेळी ती एकाच बाजूला. मग ट्यूबलाइट लावल्यावर आकडा सरकतो, म्हणजे डबीला कुठेतरी फट आहे. फट बुजवली तर तासाभराने साध्या पाण्याचंच रीडिंग सकाळपेक्षा वेगळं निघतं. सेल उतरलाय, एलईडी मंदावलाय. म्हणजे दर चार रीडिंगांनंतर साधं पाणी पुन्हा मोजायला हवं. खऱ्या प्रयोगशाळांत ज्याला 'ब्लँक' म्हणतात, ते का घ्यायचं असतं हे इथे कुणी शिकवत नाही, सेल शिकवतो.

एवढं करून आलेख काढला की तो सरळ येत नाही. तीव्रता दुप्पट केली तर शोषण दुप्पट व्हायला हवं. चूक कुणाची? बीअर-लँबर्टच्या या नियमाची, द्रावणाची, की एलडीआरची? एलडीआरचा रोध प्रकाशाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. तो नेमका कसा बदलतो हे शोधायचं तर त्याला ठाऊक असलेले प्रकाश दाखवायला हवेत. ते कुठून आणणार? अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई होतो, हा नियम तर आधीच ठाऊक असतो. मोजपट्टीवर एलईडी सरकवत एलडीआरचं अंकन (कॅलिब्रेशन) करायचं. एका नियमाच्या पाठीवर उभं राहून दुसरा तपासायचा. मोजमापाचं सगळं शास्त्र या एका कृतीत आहे, आणि विकतच्या वर्णमापकात ते कारखान्यातच उरकलेलं असतं.

काही जण आणखी पुढे जातात. टीव्हीच्या रिमोटमधला अवरक्त एलईडी लावून बघतात, कारण मोरचुदाचं शोषण तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या पट्ट्यात जास्त आहे. पण एलडीआरला तो प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. प्रकाश शोषला गेला म्हणून आकडा शून्य, की शोधक आंधळा म्हणून शून्य? हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांना रोज पडतो. तो दहावीतल्या मुलीला पडणं ही मला या सगळ्या खटाटोपाची सर्वांत मोठी कमाई वाटते.

तापमापकाचंही असंच. अंकन करताना वितळता बर्फ ० आणि उकळतं पाणी १०० असं पुस्तक सांगतं. पुण्यात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, ९५-९६ला. महाबळेश्वरच्या शाळेत कुणी १०० ची खूण केली तर त्या तापमापकावर माणसाचं तापमान ३८च्या पुढे दिसेल आणि निरोगी मूल घरी पाठवलं जाईल. कोकणातल्या शाळेत ही चूक कधी कळणारच नाही. उपकरण बनवणाऱ्याला आपलं गाव कुठे आहे हे माहीत असावं लागतं.

या कामावर आक्षेप आहेत आणि त्यातले काही मला मान्य आहेत. पहिला: यातून सरकारची सुटका होते. पुठ्ठ्यातून प्रयोगशाळा होते असं एकदा दाखवलं की प्रयोगशाळेचं अनुदान मागणाऱ्याला तो पुठ्ठाच दाखवला जातो. रामनांचे दोनशे रुपये इथे कामाला येतात. शहरातल्या महागड्या शाळेला सूक्ष्मदर्शक आणि आश्रमशाळेला पाण्याचा थेंब, अशी वाटणी होत असेल तर ती नाकारलीच पाहिजे. मला वाटतं दोन्ही हवं. थेंबाचं भिंग करून पाहिलेल्या मुलाच्या हाती चांगला सूक्ष्मदर्शक दिला तर तो त्यातून दुप्पट पाहील. आणि महागड्या शाळेतल्या मुलानेही थेंबापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. एक वर्णमापक नीट व्हायला आठवडे जातात; तेवढ्यात तीन धडे होतात. शिक्षकाचं हे म्हणणं खरं आहे, आणि परीक्षा बदलल्याशिवाय त्याला उत्तर नाही. होशंगाबादने परीक्षा बदलली म्हणून तिथे ते जमलं. तिसरा मुद्दा सुरक्षेचा, त्यात मी तडजोड मानत नाही. २३० व्होल्टचा घरगुती पुरवठा, पारा, तीव्र आम्ल आणि थेट डोळ्यात जाणारा लेझर यांना 'कमी खर्च' हे कारण चालत नाही. आणखी एक गोष्ट आक्षेप म्हणून नाही, निरीक्षण म्हणून सांगतो: गटात सोल्डरिंग गन मुलाच्या हाती आणि वही मुलीच्या हाती जाते. कुणी ठरवत नाही, तरी जाते. ज्या शिक्षकांनी पाळी लावून दिली, त्यांच्याकडे चित्र वेगळं आहे.

हे सगळं आताच का, असा प्रश्न रास्त आहे. कोविडच्या काळात प्रयोगशाळा बंद झाल्या आणि आभासी प्रयोगशाळा पुढे आल्या. पडद्यावर लंबक हलतो, रीडिंग येतात, g ९.८ येतो. त्यांचा उपयोग आहे. धोकादायक किंवा दुर्मीळ प्रयोग त्यांवर दाखवता येतात. पण पडद्यावरचा लंबक कधी चुकत नाही, त्याचा दोरा ओला होत नाही, पंख्याची हवा त्याला लागत नाही. जर्नलमधली उलटी रीडिंग आता संगणक काढून देतो, एवढाच फरक. दुसरीकडे, साध्या स्मार्टफोनमध्ये आज त्वरणमापक, चुंबकक्षेत्रमापक, मायक्रोफोन, कॅमेरा हे सगळं बसलेलं असतं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाच्या 'फायफॉक्स'सारख्या मोफत ॲपमधून ते मुलांच्या हाती येतं. संवेदक इतके स्वस्त कधीच नव्हते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने हाताने करण्यावर भर दिलाय, निदान कागदावर. संवेदक स्वस्त आहेत, बनवणारे हात आहेत. टंचाई आहे ती अंकनाच्या सवयीची.

म्हणून या पुस्तकाने एक वेगळी रचना निवडली आहे. उपकरण कसं बनवायचं याच्या पायऱ्या आहेत, पण त्यांना कमी जागा आहे. अशा पायऱ्या आता कुठेही मिळतात. जास्त जागा अंकनाला आणि फसण्याला दिली आहे. कशाशी ताडून पाहिलं, किती फरक आला, फरक का आला असं वाटतं, आणि तो घालवायला काय केलं, हे प्रत्येक नोंदीत विद्यार्थ्यांच्या शब्दांत आहे. काही ठिकाणी फरक गेलाच नाही, तरी नोंद ठेवली आहे. भाषा थोडी सारखी केली आहे; आकडे कुणी दुरुस्त केलेले नाहीत. ज्यांना ते विस्कळीत वाटतील त्यांनी एकदा स्वतः मोजून पाहावं.

क्रम सोप्याकडून कठीणकडे लावलेला नाही. कोणत्या राशीचं मोजमाप आहे त्यावरून विभाग पाडले आहेत: लांबी, वेळ, वस्तुमान, तापमान, प्रकाश, वीज. एकाच विभागात स्ट्रॉ आणि टाचणीचा तराजू आणि मायक्रोकंट्रोलरला जोडलेला लोडसेल शेजारी येतात, आणि दोघांची ताडणीही येते. कोणता कुठे जिंकतो हे मी इथे सांगणार नाही. लांबीच्या विभागातला एक प्रयोग मात्र शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात करावा, त्यासाठी काही बनवावंच लागत नाही. तांबडा लेझर पॉइंटर हातात न धरता घट्ट बसवावा, डोळे त्याच्या पातळीच्या वर ठेवावेत, आणि किरण जुन्या सीडीवर सरळ पाडावा. परावर्तित प्रकाशाचा पहिला ठिपका सुमारे २४ अंशांवर येतो. डीव्हीडीवर तोच ६१च्या आसपास जातो. त्यावरून रेघांमधलं अंतर निघतं: एकीत १.६ मायक्रोमीटर, दुसरीत ०.७४. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं अंतर शाळेच्या बाकावर, पट्टी आणि कोनमापकाने मोजता येतं.

किमती छापलेल्या नाहीत. संवेदकांच्या किमती पुस्तकाची आवृत्ती संपायच्या आत बदलतात, आणि स्वस्त किती यावरून उपकरणांची क्रमवारी लागावी असं संपादकांना वाटत नव्हतं. त्याऐवजी प्रत्येक उपकरणापुढे त्याने दिलेल्या मापातली अनिश्चितता छापली आहे, आणि तिच्या शेजारी एक मोकळा स्तंभ ठेवला आहे. वाचकाने तेच उपकरण आपल्या गावी बांधल्यावर जी अनिश्चितता येईल ती तिथे लिहायची. शाळेने हे पुस्तक विकत घेतलं तर त्याची नोंद अर्थातच रजिस्टरात होईल. त्यात पेन्सिलीने लिहिलं म्हणून कुणी मुलांना रागावू नये, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे.